ल्युपसचा बहुकेंद्री अभ्यास, गोव्यातून: पाच ठिकाणी एकाच मापानं मोजायचं कसं?

तिसवाडीकर (सोमवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. गोव्यातली पाच ठिकाणं मिळून ल्युपसच्या (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) रुग्णांचा निरीक्षणात्मक अभ्यास आखत आहेत: दोन इस्पितळं आणि तीन खासगी दवाखाने. नवं औषध काही नाही. चालू उपचार तसेच राहतील. रुग्णाला ०, ३, ६ आणि १२ महिन्यांनी तपासायचं, रक्त-लघवीचे नमुने साठवायचे आणि वर्षभरात फ्लेअर (आजाराचा भडका) कुणाला येतो, त्याची चाहूल आधीच्या नमुन्यात लागते का, ते पाहायचं.

आराखडा कागदावर छान दिसतोय, म्हणूनच भीती वाटते. डॉक्टर वेगळे, प्रयोगशाळा वेगळ्या, फॉर्म वेगळे. पहिला रुग्ण घेण्याआधी काय काय बांधून घ्यायला हवं? ज्यांनी बहुकेंद्री कामं हाताळली आहेत त्यांनी बारकाव्यासकट लिहावं. "समन्वय महत्त्वाचा" एवढंच लिहिणार असाल तर चहा घ्या आणि पुढचा धागा बघा.

---

नियमावली (सोमवार, रात्री १०:०५)

आधी कागद, कारण इथे क्रम चुकला की सहा महिने जातात.

१. औषधचाचणी नसेल तर तुमचा अभ्यास २०१९च्या नव्या औषधं व क्लिनिकल चाचणी नियमांतल्या जैववैद्यकीय संशोधनाच्या भागात येतो. म्हणजे नीतिसमितीची नोंद आरोग्य संशोधन विभागाकडे असायला हवी. फक्त सीडीएससीओकडे (केंद्रीय औषध नियंत्रण संस्था) नोंदलेली समिती पुरेल असं धरून चालू नका. नोंदणीपत्रावरचा क्रमांक आणि मुदत, दोन्ही बघा.

२. कमी जोखमीच्या बहुकेंद्री अभ्यासाला आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एकच मुख्य समिती सामायिक आढावा घेऊ शकते. बाकीच्या समित्यांनी फक्त स्थानिक बाजू पाहायची: संमतीपत्राची भाषा, तिथला जबाबदार डॉक्टर, तिथली सोय. ज्या दवाखान्यांची स्वतःची समिती नाही त्यांनी दुसऱ्या संस्थेच्या समितीशी लेखी करार करायचा. तोंडी "हो हो, आमची वापरा" चालत नाही.

३. सीटीआरआयवर (क्लिनिकल चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही) निरीक्षणात्मक अभ्यासही नोंदवता येतो, फुकट. पहिला रुग्ण घ्यायच्या आत नोंदवा. औषधचाचण्यांसाठी १ एप्रिल २०१८पासून मागाहून नोंदणी बंद आहे, आणि नियतकालिकांचे संपादक निरीक्षणात्मक अभ्यासातही तारीख बघायला लागलेत.

४. नमुने किंवा माहिती परदेशी जाणार असेल, किंवा परदेशी पैसा असेल, तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचा वेळ वेळापत्रकात धरा. नसेल तर संमतीपत्रात "भविष्यात परदेशी" असा मोघम उल्लेख घुसडू नका. समिती तिथेच अडकते.

संमतीपत्राबद्दल एक खास गोव्याची गोष्ट. मराठी, देवनागरी कोंकणी, रोमी (रोमन लिपीतली) कोंकणी, इंग्रजी हे चार तर हवेतच. कानडी आणि हिंदी तुमच्या ओपीडीत कोण येतं त्यावर. देवनागरी कोंकणीतलं पत्र सासष्टीतल्या कितीतरी बायका वाचत नाहीत. त्या रोमीतच वाचतात. मजकूर एक, लिपी दोन, पण आवृत्ती क्रमांक दोन्हीवर एकच ठेवा. दुरुस्ती झाली की एक लिपी जुनीच राहते, हा हमखास होणारा घोळ आहे.

७ ते १२ वयाच्या मुलांची तोंडी, १२ ते १८च्या मुलांची लेखी सहमती लागते, पालकांची संमती असतेच, ही तिच्याहून वेगळी. ल्युपस कुमारवयात सुरू झालेल्या मुली तुमच्याकडे येणारच, तेव्हा हे आधीच ठेवा. अठरा पूर्ण झाल्यावर त्या मुलीची स्वतःची संमती पुन्हा घ्यायची असते, त्यासाठी नोंदवहीत "१८ पूर्ण होण्याची तारीख" असा रकाना ठेवा.

---

गुणांची_वही (मंगळवार, सकाळी ७:४०)

माझ्या मते खरी गोम इथे आहे: तीव्रतेचे गुण. नमुने बिघडले तर ते किमान बिघडलेले दिसतात. गुण चुकले तर आकडा सुबक दिसतो आणि चुकीचा असतो.

प्रवेशासाठी २०१९चे युलार-एसीआर (युरोपीय आणि अमेरिकी संधिवात संघटनांचे) निकष घ्या. एएनए (पेशीकेंद्राविरुद्धचे प्रतिपिंड) किमान १:८०, हेप-२ या प्रयोगशाळेतल्या पेशींवर. मग गुण १० किंवा जास्त, आणि किमान एक क्लिनिकल निकष. प्रत्येक गटातला सर्वांत मोठा गुण एकदाच धरायचा. सगळंच मोजत सुटलेला फॉर्म दिसला की समजावं, गटाची अट वाचलेली नाही.

आता एएनए. काही प्रयोगशाळा १:८०पासून सुरू करतात, काही १:१००पासून. १:१००ला निगेटिव्ह आलेला रुग्ण १:८०ला काय होता हे कुणालाच माहीत नसतं. तेव्हा पाचही ठिकाणी सुरुवातीचं विरलन एक करा, नाहीतर नमुना एकाच प्रयोगशाळेत पाठवा. एलायझावरचा एएनए प्रवेशासाठी धरू नका.

पुढे तीव्रता: स्लेडाय-२के, म्हणजे ल्युपस किती क्रियाशील आहे याचे गुण. मागचे ३० दिवस. इथे तीन चुका ठरलेल्या.

एक. पांढऱ्या पेशींची मर्यादा. प्रवेश निकषांत ४,०००च्या खाली गेलं की गुण. स्लेडायमध्ये ३,०००च्या खाली. एकच डॉक्टर एकाच सकाळी दोन्ही फॉर्म भरतो आणि एकच आकडा दोन्हीकडे वापरतो.

दोन. जुन्या स्लेडायमध्ये पुरळ, केस गळणं, तोंडातले व्रण, प्रथिनमेह यांना नवे असतील किंवा परत आले असतील तरच गुण होते. २के आवृत्तीत चालू असलेली क्रियाशीलताही धरली जाते. इंटरनेटवर दोन्ही फॉर्म फिरत असतात, शीर्षक सारखंच.

तीन. "दुसरं कारण नसेल तर" ही अट.

उदाहरण घ्या. बाई ३१ वर्षांची. गालावर पुरळ (२), तोंडात टाळूवर व्रण (२), सी३ हे पूरक प्रथिन कमी (२), डीएस-डीएनए प्रतिपिंड वाढलेले (२), लघवीतलं प्रथिन-क्रिएटिनिन प्रमाण ०.७ (४). लघवीत प्रत्येक क्षेत्रात ८ लाल पेशी, पण पाळीचा दुसरा दिवस. पांढऱ्या पेशी ३,४००. बरोबर उत्तर १२. लाल पेशींचे ४ आणि पांढऱ्यांचा १ धरणाऱ्याकडे १७. सेलेना फ्लेअर निर्देशांकात १२च्या वर गेलेला गुण गंभीर फ्लेअर ठरवायला पुरतो. म्हणजे पाळीची तारीख विचारली नाही म्हणून एक गंभीर फ्लेअर जन्माला आला.

उपाय महाग नाही. असे दहा कागदी रुग्ण लिहा. पाचही ठिकाणच्या डॉक्टरांनी एकमेकांना न विचारता गुण द्यायचे. जिथे फरक पडतो ती ओळ एकत्र बसून सोडवायची आणि निर्णय कोडवहीत लिहायचा. नवीन रेसिडेंट आला की त्याच दहा रुग्णांवर परीक्षा. दर तीन महिन्यांनी दोन नवे रुग्ण.

डॉक्टरांचा एकूण अंदाज, म्हणजे पीजीए, ० ते ३ची रेषा असते. कुणीतरी ० ते १० समजून ४ लिहितोच. डेटाबेसमध्ये ३च्या वरचा आकडा घेऊच नका.

---

माकडताप_सत्तरी (मंगळवार, सकाळी ८:२५)

वरच्या "दुसरं कारण" मध्ये एक स्थानिक भर. ताप, प्लेटलेट कमी, पांढऱ्या पेशी कमी: हे ल्युपसचं चित्र आहे तसंच पावसाळ्यातल्या डेंग्यूचंही. शेतात काम करणाऱ्यांत लेप्टो. आणि सत्तरीत, काजूच्या हंगामात रानात जाणाऱ्यांत, माकडताप म्हणजे केएफडी. डिसेंबर ते मे हा त्याचा काळ. स्लेडायचा फॉर्म भरण्याआधी "गेल्या ३० दिवसांत ताप? रानात, बागायतीत, शेतात काम? तपासणी झाली का, निकाल काय?" अशी एक पेटी ठेवा. निकाल येईपर्यंत गुण "प्रलंबित" ठेवायची सोय हवी, शून्य नाही आणि १ही नाही.

---

निळी_नळी (मंगळवार, दुपारी १:१५)

नमुन्यांवर लिहिते, जरा लांब होईल.

रक्त किती: सायट्रेट २.७ मिली, जेलची सीरम नळी ५, हेपरिन १०, ईडीटीए ३, आरएनएसाठी पॅक्सजीन २.५. एकूण २३.२ मिली. काढायचा क्रमही हाच. पॅक्सजीन नेहमी शेवटी. हिमोग्लोबिन ८च्या खाली असेल तर हेपरिनची मोठी नळी सोडून द्यावी, हा नियम आधीच लिहून ठेवा, टेबलाशी वाद नको.

बटरफ्लाय सुईनं काढत असाल तर सायट्रेटच्या आधी एक टाकाऊ नळी लावा. सुईच्या नळकांड्यातली हवा सायट्रेटच्या नळीत जाते, नळी रेघेपर्यंत भरत नाही, रक्त आणि सायट्रेटचं ९:१ प्रमाण बिघडतं आणि ल्युपस अँटिकोआग्युलंटच्या (अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांचा एक प्रकार) तपासणीत रक्त साकळायची वेळ खोटी लांबते. ही तपासणी करायची तर प्लाझ्मा सेंट्रिफ्यूजमध्ये दोनदा फिरवायचा, २,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या २,००० पट), १५ मिनिटं, दोन्ही वेळा. पहिल्या फेरीनंतर तळाचा थर ढवळू नका, वरचं तीन चतुर्थांशच काढा. रुग्ण हेपरिन, वॉरफेरिन किंवा नवीन रक्तपातळ गोळ्यांवर असेल तर निकालाशेजारी ते लिहिलंच पाहिजे. अँटिफॉस्फोलिपिड पॉझिटिव्ह आलं तर १२ आठवड्यांनी पुन्हा. तुमची ३ महिन्यांची भेट इथे नेमकी अडचणीची आहे: खिडकी (भेटीच्या तारखेतली सूट) ± १४ दिवस ठेवलीत तर कुणी ११व्या आठवड्यात येईल आणि पुनर्तपासणी बाद होईल. त्या भेटीची खिडकी फक्त पुढे ठेवा, मागे नको.

सीरम: रक्त ३० मिनिटं उभं ठेवून साकळू द्या. घाई केली तर सीरमात फायब्रिनचे धागे येतात आणि यंत्राची सुई तुंबते. मग १,५०० जी, १० मिनिटं. ५ मिलीतून साधारण २ मिली सीरम निघतं. ०.५ मिलीच्या चार कुप्या, उणे ८० अंशांवर, काढल्यापासून दोन तासांत. एकदा वितळलेली कुपी परत गोठवायची नाही. पूरक प्रथिनांच्या कार्यचाचणीसाठी ठेवलेली कुपी तर मुळीच नाही.

आता "१,५०० जी". फॉर्मवर कृपया आरपीएम (मिनिटाला फेरे) लिहू नका. दोन ठिकाणच्या सेंट्रिफ्यूजची त्रिज्या वेगळी असते. सूत्र: जी = ०.००००१११८ × त्रिज्या सेंटिमीटरमध्ये × आरपीएमचा वर्ग. १६ सेंमीच्या यंत्रात १,५०० जीसाठी साधारण २,९०० फेरे, १० सेंमीच्या टेबलावरच्या छोट्या यंत्रात ३,६६०. दोघांनी "३,००० आरपीएम" लिहिलं तर एकाकडे १,६१० जी, दुसऱ्याकडे १,००६. प्रत्येक यंत्रावर हिशेब करून चिकटपट्टीवर लिहून ठेवा.

पॅक्सजीन: काढल्यावर ८-१० वेळा हलक्या हातानं उलटी-सुलटी करायची, झटकायची नाही. १८ ते २५ अंशांत किमान दोन तास उभी. मग उणे २०ला एक दिवस, मग उणे ८०. थर्मोकोलच्या खाचेत ठेवून गोठवू नका, नळी तडकते. तारेचं रॅक वापरा.

लिम्फोसाइट वगैरे पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या असतील तर हेपरिनची नळी बर्फात ठेवायची नाही. हीच चूक सगळ्यात जास्त होते, कारण वाहकाकडे एकच पेटी असते आणि तिच्यात बर्फ असतो. थंड रक्तात ग्रॅन्युलोसाइट पेशी लिम्फोसाइटच्या थरात उतरतात. दुसरं टोक म्हणजे मे महिन्यात काणकोणहून निघालेल्या गाडीची डिकी. २० ते २२ अंशांवर वितळणाऱ्या पॅकची वेगळी पेटी ठेवा आणि आत तापमान नोंदणारं छोटं यंत्र. रक्त काढल्यापासून ८ तासांच्या आत फायकॉलवर (पेशींचे थर वेगळे करणारा द्रव), ४०० जी, ३० मिनिटं, ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला की थर विस्कटतो आणि मग पिपेट मारणाऱ्याला दोष. मग १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशी वाचवणारं रसायन), मिनिटाला एक अंश या वेगानं थंड करणारा आयसोप्रोपॅनॉलचा डबा. पाच वेळा वापरल्यावर त्यातला आयसोप्रोपॅनॉल बदला. दुसऱ्या दिवशी द्रव नायट्रोजनमध्ये.

पाचही ठिकाणी हे जमणार नाही. स्पष्टच सांगते: पेशींचं काम दोनच ठिकाणी ठेवा आणि बाकीच्या तिघांकडून सीरम, ईडीटीए, लघवी एवढंच घ्या. अर्धवट मेलेल्या पेशींच्या शंभर कुप्यांपेक्षा ते बरं.

लघवीचा गाळ दोन तासांच्या आत बघायचा. लाल पेशींचे कास्ट (मूत्रनलिकेत तयार झालेले साचे) मोडतात, आणि "कास्ट नाहीत" असा खोटा निकाल येतो. तो कुरिअरनं पाठवायचा नमुनाच नव्हे.

---

अँटिबॉडी_कट्टा (मंगळवार, दुपारी ३:०२)

निळी_नळी यांच्याशी सहमत, एक जोड. डीएस-डीएनए प्रतिपिंडांचे आकडे किट बदललं की एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत, एकक एकच लिहिलेलं असलं तरी. एलायझात ८० आणि दुसऱ्या किटमध्ये ८० ही दोन वेगळी वाक्यं आहेत. म्हणून दोन पातळ्या ठेवा. रोजच्या उपचारासाठी स्थानिक तपासणी चालू राहू दे, तिच्यासोबत किटचं नाव, लॉट आणि वरची सामान्य मर्यादा नोंदवा. अभ्यासासाठी गोठवलेलं सीरम वर्षअखेर एकाच ठिकाणी, एकाच लॉटवर.

प्लेटवर मांडणी करताना एका रुग्णाच्या चारही भेटी एकाच प्लेटवर. पण एका केंद्राचे सगळे रुग्ण एका प्लेटवर नकोत. नाहीतर प्लेटचा फरक आणि केंद्राचा फरक वेगळा काढता येत नाही, आणि मडगावचे रुग्ण म्हापशापेक्षा वेगळे असा शोध लागतो!

---

आकडेमोड (मंगळवार, संध्याकाळी ६:३०)

किती रुग्ण लागतील यावर कुणी बोललं नाही. हिशेबासाठी धरू की वर्षात फ्लेअरचं प्रमाण ४० टक्के आणि ते ± ७ टक्क्यांच्या अचूकतेनं हवं. १.९६चा वर्ग × ०.४ × ०.६ ÷ ०.०७चा वर्ग = १८९. केंद्रातल्या केंद्रात रुग्ण एकमेकांसारखे असतात त्याची भरपाई: १ + (४० − १) × ०.०२ = १.७८ (०.०२ हे त्या सारखेपणाचं माप). १८९ × १.७८ = ३३७. पंधरा टक्के गळती धरून ३९७. म्हणजे चारशे.

---

दोन_अधिक_दोन (मंगळवार, संध्याकाळी ७:११)

आकडेमोड साहेब, ४० कुठून आले? सूत्रातला तो आकडा म्हणजे प्रत्येक केंद्रातले रुग्ण. पाच केंद्रांत ४०० घेतले तर एका केंद्रात ८० होतात, ४० नाही, आणि ८० धरले की भरपाई २.५८वर जाते. मग रुग्ण वाढवायचे, मग भरपाई आणखी वाढते. हे चक्र सोडवलं तर पाच केंद्रांना प्रत्येकी १५२ म्हणजे ७६० रुग्ण लागतात. हेच आठ केंद्रांत केलं तर प्रत्येकी ४४, एकूण ३५२. गळती धरून प्रत्येकी ५२.

पाचावरून आठ केंद्रं केली की रुग्ण निम्म्याहून कमी. सावंतवाडी, बांदा, कारवार या बाजूचे रुग्ण तसेही बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजात) येतातच. तिकडची दोन-तीन केंद्रं घेता आली तर बघा.

---

आकडेमोड (मंगळवार, संध्याकाळी ७:२४)

बरोबर. माझी चूक. ४० हा जुन्या कागदावरून तसाच आला. एवढंच सांगतो की एकूण प्रमाण काढणं हे मुख्य उद्दिष्ट नसून "कमी सी३ असलेल्यांत फ्लेअर जास्त का" अशी केंद्राच्या आतली तुलना असेल, तर भरपाई इतकी जाचत नाही. विश्लेषणात केंद्र हा स्थिर घटक म्हणून घालायचा. केंद्र यादृच्छिक (रँडम) घटक धरलं तर पाच-आठ केंद्रांवरून केंद्रांमधल्या फरकाचा अंदाज भरवशाचा निघत नाही. पण मग मुख्य प्रश्न कोणता, ते आधी नक्की करा आणि सीटीआरआयच्या नोंदीत तोच लिहा.

---

नियमावली (मंगळवार, रात्री ८:००)

दोन_अधिक_दोन, सिंधुदुर्ग आणि कारवार म्हणजे दुसरी दोन राज्यं. मनाई नाही, पण तिथली स्थानिक समिती वेगळी, करारपत्र वेगळं, नमुना हस्तांतराचा करारही वेगळा. कानडी संमतीपत्र मग ऐच्छिक राहत नाही. तीन महिने जास्त धरा.

---

गोळीबंद (मंगळवार, रात्री ९:३७)

औषधांच्या रकान्यावर थोडं.

स्टेरॉइड "दिवसाला किती मिग्रॅ" असा रकाना ठेवला की संपलं. कुणी प्रेडनिसोलोन लिहितो, कुणी डेफ्लाझाकॉर्ट, कुणी मिथाइल. ५ मिग्रॅ प्रेडनिसोलोन = ४ मिथाइलप्रेडनिसोलोन = ६ डेफ्लाझाकॉर्ट = ०.७५ डेक्सामेथासोन. नाव आणि मात्रा वेगळ्या रकान्यांत घ्या, रूपांतर डेटाबेस करेल, माणूस नाही. कमी क्रियाशीलतेची अवस्था, म्हणजे एलएलडीएएस, ७.५ मिग्रॅ प्रेडनिसोलोनपर्यंतच धरतात. ९ मिग्रॅ डेफ्लाझाकॉर्टवरची बाई नेमकी ७.५वर बसते. आकडा तसाच चढवलात तर ती बाद. आणि गावातल्या डॉक्टरनं सांध्यात किंवा कमरेत दिलेलं इंजेक्शन विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. प्रश्न "स्टेरॉइड घेतलंत का" नको, "गेल्या महिन्यात कुठे इंजेक्शन घेतलंत का" असा हवा.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ५ मिग्रॅ प्रतिकिलो प्रत्यक्ष वजनावर. ४८ किलोच्या रुग्णाला २४० मिग्रॅपर्यंत. गोळी २००ची, म्हणून डॉक्टर आठवड्यात सहा दिवस एक आणि एक दिवस दोन असं लिहून देतात. आठवड्याचे १,६००, दिवसाचे २२९, किलोला ४.८. रकाना "आठवड्याचे एकूण मिग्रॅ" असाच ठेवा. रक्तातली पातळी मोजणार असाल तर ती पूर्ण रक्तात मोजतात, सीरमात नाही. म्हणजे ईडीटीएची एक कुपी न फिरवता गोठवायची, हे निळी_नळी यांच्या यादीत घाला.

---

निळी_नळी (मंगळवार, रात्री ९:५०)

घातलं. १ मिली, फिरवण्याआधी काढायची.

---

कुलूप_किल्ली (बुधवार, सकाळी ११:२०)

माहितीबद्दल. रेडकॅप (संशोधनाची माहिती भरायचं सॉफ्टवेअर) घ्या, संस्थेच्या सर्व्हरवर. ना-नफा संस्थांना परवान्याचा खर्च नसतो, सर्व्हर आणि सांभाळणारा माणूस मात्र लागतो. गूगल शीटवर हे काम करू नका. कुणीतरी एक रकाना क्रमानं लावतो आणि बाकीचे जागेवर राहतात.

एकक: क्रिएटिनिन मिग्रॅ/डेसिलिटर की मायक्रोमोल? ८८.४चा फरक. लघवीचं प्रथिन-क्रिएटिनिन प्रमाण ०.५, ५०० आणि ५६ हे तिन्ही आकडे जवळपास एकच गोष्ट सांगतात, एकक वेगळं. एकक डॉक्टरला निवडू देऊ नका. प्रयोगशाळा निवडली की एकक आपोआप यावं.

पण मला लिहायचंय ते ओळख पटण्याबद्दल. गोवा लहान आहे. २०११च्या जनगणनेत साडेचौदा लाख लोक, आज १२ तालुके. नाव काढून टाकलं तरी "पुरुष, ३४, धारबांदोडा, ल्युपस, डायलिसिस" ही ओळ वाचून त्या तालुक्यातला कुणीही नाव सांगेल. संशोधकांना जाणाऱ्या फाइलीत गाव नको, तालुकाही नको. फक्त जिल्हा, वय पाच वर्षांच्या गटात, आणि ज्या जोडीत पाचाहून कमी माणसं येतात ती जोडी एकत्र करा. तारखा प्रत्येक रुग्णासाठी ठरावीक दिवसांनी सरकवा, अंतरं तशीच राहतात. फक्त वर सांगितलेला तापाचा हंगाम त्यात हरवतो, म्हणून ऋतूचा रकाना आधीच काढून ठेवा.

दुसरी बाजू: एकच रुग्ण दोन केंद्रांत. सकाळी खासगीत, महिन्यानं इस्पितळात. नावावरून जुळवता येत नाही, कारण रोमी लिपीत एकच आडनाव कधी पोर्तुगीज वळणानं लिहिलेलं असतं, कधी इंग्रजी. जन्मतारीख आणि मोबाइलचे शेवटचे चार आकडे यांचा हॅश (मूळ माहिती न दाखवणारा सांकेतिक क्रमांक) करावा असं लोक सुचवतात. नुसता हॅश नको. शंभर वर्षांच्या तारखा गुणिले दहा हजार, म्हणजे साडेछत्तीस कोटी शक्यता. साध्या लॅपटॉपवर सगळ्या तपासून होतात. गुप्त किल्ली घालून केलेला हॅश वापरा आणि किल्ली अशा माणसाकडे ठेवा ज्याच्याकडे रुग्णांचा डेटा नाही. घरातल्या दोघी एकच मोबाइल वापरतात, म्हणून जुळलेली जोडी आपोआप एक करू नका, केंद्राला विचारा.

---

चवथीची_सुट्टी (बुधवार, दुपारी १२:४५)

कुलूप_किल्ली यांना +१.

वेळापत्रकाचं विसरू नका. चवथीच्या आठवड्यात हिंदू घरातलं कुणी भेटीला येत नाही, नाताळात सासष्टी-बारदेशकडचं कुणी नाही. खिडकी तेवढी सैल ठेवा, नाहीतर नियमभंगाची यादीच त्या दोन आठवड्यांची भरेल. शुक्रवारी ड्राय आइसवर नमुने रवाना करू नका. पेटीतला बर्फ दिवसाला अडीच ते पाच किलो उडतो आणि शनिवार-रविवार ती कुठल्यातरी गोदामात पडते. पेटी हवाबंद करू नका, वायू साठून फुटते. बाहेर यूएन१८४५ (ड्राय आइस) आणि यूएन३३७३ (जैविक नमुने) दोन्ही खुणा हव्यात.

---

तिसवाडीकर (बुधवार, रात्री ९:३०)

मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. मुख्य प्रश्न केंद्राच्या आतल्या तुलनेचा ठरतोय, त्यामुळे पाचच केंद्रांवर थांबते. पेशी दोनच ठिकाणी. दहा कागदी रुग्ण या आठवड्यात लिहायला घेते. गुणांची_वही, तुमची पाळीवाली बाई उसनी घेते.

लेखकांच्या नावांचं काय करतात लोक?

---

नियमावली (बुधवार, रात्री ९:४८)

आयसीएमजेईच्या (वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती) चारही अटी पाळणारा लेखक, बाकीचे आभारात. नमुने पाठवणं एवढ्यानं लेखकपद मिळत नाही, पण म्हणूनच केंद्राच्या डॉक्टरला मसुदा वाचायची आणि दुरुस्त करायची संधी वेळेत द्या. ती न देता मग "तुम्ही अट पाळली नाही" म्हणणं हा लबाडीचा प्रकार आहे. पहिला लेखक कोण, उप-अभ्यास कोण मागू शकतो, किती दिवसांत उत्तर द्यायचं, हे करारपत्रातच लिहा. आणि रुग्णाला संशोधनाच्या तपासणीचा एक रुपयाही पडता कामा नये. बसभाडं द्यायचं असेल तर रक्कम समितीपुढे आधी ठेवा.

---

तिसवाडीकर (बुधवार, रात्री १०:०२)

शेवटचं. कुप्यांवर लेबल. पावसात कागदी लेबल सुटतात म्हणे?

---

निळी_नळी (बुधवार, रात्री १०:०९)

सुटतात, आणि मार्करची शाई इथेनॉलनं पुसली जाते. उणे तापमानात टिकणारं लेबल, थर्मल ट्रान्सफर छपाई. कुपी कोरडी आणि खोलीच्या तापमानाला असतानाच चिकटवायचं, नमुना भरायच्या आधी. फ्रीझरमधून काढलेल्या कुपीवर आपल्याकडे दहा सेकंदांत दव धरतं, त्यावर काहीच चिकटत नाही. लेबलाचं टोक स्वतःवर थोडं चढलं पाहिजे. बारकोडखाली तोच क्रमांक वाचता येईल असा छापा, कारण लाइट गेल्यावर स्कॅनर चालत नाही आणि कुपी हलवायची वेळ नेमकी तेव्हाच येते. चारपैकी दोन कुप्या दुसऱ्या इमारतीतल्या फ्रीझरमध्ये. अलार्म उणे ६५ला लावा आणि तो दोघांच्या फोनवर जाऊ दे, एकाच्या नको.